दोरवाल्याची व्यक्तिरेखा (सहा गुण)

प्र. १. संदर्भासह स्पष्टीकरण करा.

‘लोक धावत आले तेव्हा दोरवाला काठावरच उभा होता. त्याचे दोन्ही तळवे राखेने पांढरे झाले होते.’

मुलीने वाक्य वाचलं आणि बोट तिथेच ठेवून मान वर केली. ऊन उतरलं होतं, पण अंगणातली जमीन अजून भाजत होती. घरातली सगळी बाहेर बसली होती. बाबा उंबऱ्यावर, डावा पाय लांब करून. तो पाय आठ वर्षांपासून गुडघ्यात वाकत नव्हता आणि रोज संध्याकाळी त्याला तेल चोळावं लागे. काका, बाबांचा धाकटा भाऊ, दगडावर छिन्नीला धार लावत होता. आई सुपात धान्य निवडत होती. काकूच्या मांडीवर दोराचं टोक होतं. जिथे पीळ उसवला होता तिथे ती तो पुन्हा वळत होती.

विहिरी खोदणाऱ्यांचं घर ते. काका खाली उतरायचा, बाबा वर दोर धरायचे, बायका दगडमाती उपसून टाकायच्या. त्या वर्षी पाणी इतकं खाली गेलं होतं की जुन्या विहिरी खोल करून घ्यायला लोक घरी येऊन बसत. पण पाऊस येईपर्यंतच. एकदा पाऊस आला की यांचं तोंड कोणी पाहत नसे.

मुलीची शालान्त परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. नेमलेली कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची, आणि नशीब असं की तीतही विहिरीच खोदणारे दोघे जोडीदार होते. एक खाली उतरतो, दुसरा दोर धरतो. एक दिवस उतरणारा पडून मरतो. दोरवाल्याने मुद्दाम सोडलं की काय, ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणून दरवर्षी प्रश्न ठरलेला: दोरवाल्याची व्यक्तिरेखा स्पष्ट करा. सहा गुण.

“मग मास्तरीण, गाईड काय म्हणतं?” काकाने छिन्नीवरून अंगठा फिरवत विचारलं.

मुलीने गाईड उघडलं. “‘येथे राख हे जळून गेलेल्या मनाचे प्रतीक आहे. मत्सराने दोरवाल्याचे अंतःकरण भस्मसात झाले आहे, हे लेखकाने पांढऱ्या तळव्यांतून सूचित केले आहे.’”

मग काकू फुटली. हसता हसता तिच्या मांडीवरून दोर घसरला.

“अगं बाई! म्हणजे भाऊजींचं मन रोज सकाळी सातला जळतं म्हणायचं. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा!”

आईही हसली. बाबांनी तेलाचा हात थांबवून स्वतःचा तळवा पाहिला आणि तेही हसले. चुलीतली राख चिंधीत बांधून रोज कामावर न्यायची, दोराला हात लावण्याआधी तळव्यांना चोळायची, हे या घरात दात घासण्याइतकं रोजचं होतं. घामाच्या हाताने दोर धरता येत नाही.

“परीक्षेत हेच लिहायचं का गं?” आईने विचारलं.

“बाईंनी हेच उतरवून दिलंय.”

“बाईंना म्हणावं एक दिवस या दोरावर,” काका म्हणाला. तो रंगात आला होता. छिन्नी बाजूला ठेवून त्याने दोन्ही हात पुढे केले, जणू हातांत दोर आहे. “हे बघ मास्तरीण, मी सांगतो, लिहून घे. राख कोण लावतो? ज्याला धरायचंय तो. ज्याच्या मनात सोडायचं असेल तो कशाला हात पांढरे करत बसेल? उलट त्याला हात कोरडे कर म्हटलं तरी तो करायचा नाही. म्हणजे हा तुझा दोरवाला काही सोडणारा नव्हे. त्याने धरला होता. बास. सहा गुण.”

“वा!” काकू म्हणाली.

मुलगी खरंच लिहून घेत होती. ज्याला धरायचंय तो, इथपर्यंत आली.

“तुझे नव्हते,” बाबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. काकाचे हात तसेच हवेत होते.

“काय?”

“त्या दिवशी दोर तुझ्या हातांत होता. मी पडल्यावर तू खाली उतरून आलास. मला पाठीवर घेतलंस. तुझे दोन्ही हात माझ्या तोंडापुढे होते. सोलून निघाले होते, रक्त होतं. पांढरं काही नव्हतं.”

आईने सूप खाली ठेवलं. “रक्तात राख दिसते होय कधी?”

“राख रक्तात चिखल होते,” बाबा म्हणाले. “काळा. मी आठ वर्षं दोर धरतोय, माझे काय कमी सोलले? मला माहीत आहे कशी दिसते ते.”

काकाने हात खाली घेतले. छिन्नी उचलली, धार पाहिली. पुन्हा दगडावर घासायला लागला. धार केव्हाच झाली होती.

“पुढचं वाच गं,” आई म्हणाली.

मुलीने पान उलटलं. पुढचं तिला दिसत नव्हतं.

प्र. २. कोण कोणास म्हणाले?

“उठा, ऊन डोक्यावर यायच्या आत फळी खाली गेली पाहिजे.”
काकू, काकाला. फळीवर बसून तोच खाली उतरायचा. एरवी रोज तोच तिला उठवायचा.

“पाय दुखतोय.”
बाबा, आईला. पाय रोजच दुखायचा. कामावर न जाण्याचं कारण म्हणून त्यांनी तो आजवर कधी पुढे केला नव्हता.

“दुखतोय की दुखवून घेताय?”
आई, बाबांना. त्यांनी तेलाची वाटी पुढे ओढली.

“वहिनी, दादाला म्हणावं मी निघालो.”
काका, आईला. बाबा चार हातांवर बसले होते.

“त्याला म्हण, निघालास तर दोर कोण धरणार?”
बाबा, आईला. काका दारात उभा होता.

“मी काय दोन घरांतला तारवाला आहे? तुमची तोंडं काय गहाण पडलीत?”
आई, दोघांना.

“ते पुस्तक आण इकडे.”
आई, मुलीला. तिने कादंबरी आणि गाईड दोन्ही घेतली आणि धान्याच्या डब्यामागे ठेवून दिली.

“आई, परीक्षा आहे.”
मुलगी, आईला.

“परीक्षा? कुणाची गं परीक्षा? तुझं पुस्तक यायच्या आधी या घरात दोन भाऊ होते.”
आई, मुलीला. आणि मग, जरा वेळाने, डबा सरकवून पुस्तकं परत देताना: “घे. तुझा काय दोष. पण शाळेतून येताना असलं आणखी काही आणू नकोस.”

“काल विहिरीवर कोणी नाही, आज कोणी नाही. मी काय माझ्या गुरांना तुमची भांडणं पाजू?”
मळेवाली, दोन्ही भावांना. तिच्या मळ्यातली विहीर खोल करायचं काम चाललं होतं. चाळीस हात झाली होती, आणखी पाच जायची होती. ती सकाळी आठ वाजता स्वतः चालत दारात आली. छत्री मिटून टेकवली, पण बसली नाही.

“उद्या. उद्या येतो,” काका म्हणाला.

“उद्या दुपारपर्यंत माणूस खाली दिसला नाही तर यंत्राची गाडी सांगते. ते लोक दोन दिवसांत छिद्र पाडून देतात. वरून मोटार बसवली की झालं. मला तुमचा लोभ आहे म्हणून थांबले. बाकीच्या मळेवाल्यांनी कधीच यंत्र आणलंय.”

हे खरं होतं. पंचक्रोशीतल्या मोठ्या मळ्यांपैकी हाताने विहीर खोल करून घेणारी हीच उरली होती. ती गेली की लहान विहिरीवाल्यांनाही बोट दाखवायला जागा मिळणार होती: तिनेही सोडलं यांना.

“येतो म्हणालो ना,” काका म्हणाला.

मळेवालीने बाबांकडे पाहिलं. बाबा गुडघ्याला तेल चोळत होते.

“हा म्हणाला,” ती म्हणाली. “तुम्ही नाही.”

प्र. ३. चूक की बरोबर ते लिहा.

वर्गात पंखा होता, वीज नव्हती. चाळीस मुलं पुठ्ठ्यांनी वारा घेत होती. बाई फळ्यावर मुद्दे लिहीत होत्या: दोरवाला, १. मत्सरी, २. अबोल, ३. अपराधी भावनेने ग्रासलेला. प्रत्येक मुद्द्याला एक अवतरण. तिसऱ्या मुद्द्याला राख.

मुलीने हात वर करायचं ठरवलं नव्हतं. हात वर झाला होता.

“बाई, राख पकड यावी म्हणून लावतात.”

“काय?”

“दोर घामाने निसटतो. म्हणून तळव्यांना राख लावतात. सगळेच लावतात. त्यात प्रतीक वगैरे...” पुढचा शब्द तिला सुचला नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, ही आत्ताच विहिरीतून वर आलीय!” वर्ग हसला. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं, पण हसू त्यांच्याही ओठाच्या कडेला आलं होतं.

“कुठल्या समीक्षकाने म्हटलंय हे?”

“माझ्या काकाने.”

आता वर्ग मोकळाच झाला. पुढच्या मुलीने पुठ्ठ्याआड तोंड लपवलं. मुलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तारेने बांधला होता. ती तार तिला त्याच क्षणी बोचायला लागली.

“काका काय करतात?”

“खाली उतरतो.”

“बस खाली,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नाही, थांब. उभी राहा. समजा, तुझ्या काकांचं बरोबर. राख म्हणजे पकड. त्याने धरला होता. मग दोरवाला निर्दोष. हो ना?”

मुलीच्या डोळ्यांपुढे काकाचे हवेत थांबलेले हात आले. राख लावली म्हणजे धरायचं होतं. मग जो लावत नाही त्याला काय करायचं असतं? राग असतो? विसर पडतो? आणि एखाद्याला दोन्ही असलं तर?

“माहीत नाही, बाई.”

“‘माहीत नाही’ला शून्य,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, सवय होती. “परीक्षकाला विहीर खोदायची नसते. त्याला एका बैठकीत तीस पेपर संपवायचे असतात. एक बाजू घ्यायची. तीन मुद्दे, एक अवतरण, समारोप. त्याने मुद्दाम केलं असं लिही किंवा चुकून झालं असं लिही. मधे उभं राहिलं की दोन्हीकडचे गुण जातात. बस.”

तास सुटल्यावर बाईंनी तिला दाराशी थांबवलं. हात झटकून खडूची भुकटी पाडली आणि मग स्वतःच्याच पांढऱ्या बोटांकडे जरा पाहिलं.

“वीस वर्षं शिकवतेय मी हे पुस्तक. हे मला कुणी सांगितलं नाही.” मग लगेच, “तरी लिहू नकोस हं. गुण जातील. पुढे शिकायचंय ना तुला?”

“हो.”

“घरी सगळं ठीक?”

“हो, बाई.”

चूक.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.

त्या संध्याकाळी अंगणात दोन चटया होत्या. एकीवर बाबा जेवले, दुसरीवर काका जेवला. मधे ______ माणसं मावतील एवढी जागा.

बाबा काकूला म्हणाले, “त्याला विचार, उद्या ______.” काकू म्हणाली, “भाऊजी, तुम्ही विचारा ना, ते काय परदेशात आहेत?” बाबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

काका उठला. दोर खांद्यावर घेऊन तो वीत वीत तपासायला बसला. जिथे काकूने पीळ वळला होता तिथे त्याने दोनदा दाताने ओढून पाहिलं. उद्या त्याला याच दोरावर लटकायचं होतं. दुसऱ्या टोकाला ______ असणार होते.

मुलगी तिथे जाऊन बसली. दोराचं मोकळं टोक हातात घेऊन ती त्याच्यासाठी गुंडाळायला लागली. त्याने तिला मास्तरीण म्हटलं नाही.

“काका, मुद्दाम की चुकून?”

तो दोर तपासत राहिला. दोन वीत. तीन.

“कुणाचं विचारतेस? पुस्तकातल्याचं?”

“______.”

“सहा गुणांचा आहे ना प्रश्न?”

“हो.”

“मग गाईडमधून लिही,” काका म्हणाला.

प्र. ५. सविस्तर उत्तर लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मळ्यात गेले. मुलीला शाळेला सुट्टी होती, अभ्यासासाठी दिलेली. तिला शेपटावर घ्यायचं आईने ठरवलं. दोर असा चालायचा: विहिरीच्या तोंडावर लाकडी यारी, तिच्यावर कप्पी. कप्पीवरून आलेला दोर जमिनीत गाडलेल्या खुंटाला एक वेढा घेई आणि मग दोरवाल्याच्या हातांत येई. खुंट अर्धं वजन खाई, उरलेलं हात खात. दोरवाल्याच्या मागे जे टोक उरतं ते शेपूट. शेपटावरच्या माणसाचं काम एवढंच, की दोराला गुंता पडू द्यायचा नाही, आणि काही झालंच तर पाय रोवून बसायचं. आठ वर्षांपूर्वी त्या दिवशी शेपटावर कोणी नव्हतं.

मळेवाली बांधावर छत्री उघडून उभी होती. 

काकाने कमरेला छिन्न्यांची पिशवी बांधली. फळी दोराच्या फासात बसवली आणि पाय हापटून पाहिली. काकूने पहार आणि घण टोपलीत ठेवले. आईने चिंधी सोडून राख बाबांपुढे धरली.

बाबांनी ती घेतली नाही.

“मी धरणार नाही,” ते म्हणाले.

“अहो!” आई दबक्या आवाजात म्हणाली आणि बांधाकडे पाहिलं.

“पाहू दे तिला. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.” मग ते थेट काकाशी बोलले, दोन दिवसांत पहिल्यांदा. “आठ वर्षं, तुझ्या हातून चुकून झालं म्हणून मी दोर धरला. आता हात विचारतात, खरंच चुकून का? खाली चाळीस हात अंतर आहे, धाकट्या. मधेच हातांनी विचारलं तर मी काय सांगू त्यांना?”

काका फळीजवळ उभा होता. उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले होते. त्याने एकदा काकूकडे पाहिलं.

“त्या सकाळी ताट कुणी सरकवलं होतं माझं?” तो म्हणाला.

“कसलं ताट?”

“तुला आठवायचं नाही. सरकवणाऱ्याला आठवत नसतं.” काका सावकाश बोलत होता, एकेक शब्द तपासून. “ही नवी होती घरात. महिना झाला नव्हता. मी म्हणालो होतो, दादा, आज माझी पाळी आहे पण खाली तू जा, माझी छाती भरते खाली गेलं की, श्वास पुरत नाही. तर तू सगळ्यांसमोर माझ्यापुढचं ताट ओढलंस. म्हणालास, खाली उतरायला घाबरतो त्याला शेवटी वाढा, बायकांनंतर.”

काकू जमिनीकडे पाहत होती. तिला आठवत होतं हे दिसत होतं.

“मग तू उतरलास,” काका म्हणाला, “हसत. फळीवर बसून गाणं म्हणत. रागाच्या भरात राख लावायची राहिली. राहिली म्हण, नाही लावली म्हण. आणि तू तळाजवळ पोचलास तेव्हा मला वाटलं, यालाही जरा कळू दे. छाती कशी भरते ते. एवढंच कळू दे.”

त्याने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

“एवढं मुद्दाम. एक वीत सैल सोडून लगेच धरायचं, तू ओरडशील, मी हसेन. पण घामाचा हात, धरायला गेलो तर धरेना. खुंटाचा वेढाही सैल. बाकीचे बारा हात चुकून.”

विहिरीत पारव्यांनी पंख फडफडवले, त्याचा आवाज वर आला.

बाबांचा चेहरा मुलीला बाजूने दिसत होता. जबडा हलत होता, चावत असल्यासारखा.

“त्यानंतर तूच उतरायला लागलास,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, बरं झालं, भीती गेली याची.”

“कुठली जाते? रोज खाली जाताना सोबत येते. वर येताना बसून राहते तिथेच. दुसऱ्या दिवशी वाट पाहत.”

“सांगितलं का नाहीस?”

“पाय तुझा मोडलेला. मी काय सांगू, एक वीत माझी?”

बांधावरून मळेवालीचा आवाज आला. “अहो, गाडीवाल्याला निरोप धाडू का मी?”

काका फळीवर बसला. कुणी बसायला सांगितलं नव्हतं. दोर अजून खुंटाभोवती नुसता गुंडाळलेला होता, हातांत कोणाच्याच नव्हता. त्याने काठाच्या दगडाला धरून पाय विहिरीत सोडले आणि बाबांच्या तोंडाकडे न पाहता म्हणाला, “वहिनी, राख द्या त्याला.”

“धाकट्या, उतर खाली,” बाबा म्हणाले.

“तेच तर करतोय.”

“फळीवरून उतर म्हणतो मी!”

“सोडतोय हं हात मी दगडाचा.”

त्याने सोडला.

मुलीला नंतर आठवलं ते असं: आईचा हात पुढे आला, बाबांनी दोन्ही तळवे चिंधीत दाबले, आणि दोर ताणला जाऊन खुंटावर करकरला तेव्हा तो बाबांच्या हातांत होता. त्यांचा ताठ पाय मातीत रुतला होता, दुसरा वाकलेला. मुलगी मागे शेपूट धरून बसली. तिने टाचा रोवल्या. दोराची कुसळं तिच्या तळव्यांत घुसली.

फळी खाली जायला लागली.

बाबा दोर सोडत होते तसा रोज सोडत: उजवा हात, डावा हात, उजवा. दोरावर दर पाच हातांवर लाल चिंधी बांधलेली होती. पहिली चिंधी खुंटावरून गेली. दुसरी. तिसरी. बाबांच्या मानेवरून घाम पाठीच्या मधल्या घळीत उतरत होता. चौथी चिंधी गेली. वीस हात. काकूने विहिरीत वाकून पाहिलं आणि पाहवेना म्हणून मागे झाली.

पाचवी चिंधी खुंटापाशी आली आणि थांबली.

बाबा थांबले होते.

दोर ताठ उभा. कप्पीही आवाज करत नव्हती. खालून काकाने विचारायला हवं होतं, काय झालं रे वर. त्याने विचारलं नाही. पंचवीस हात खाली, अजून पंधरा बाकी, तो माणूस एका फळीवर लटकत होता आणि गप्प होता.

“अहो,” आई म्हणाली. “अहो, ऐका.”

बाबा ऐकत नव्हते, किंवा दुसरंच काही ऐकत होते. त्यांच्या दंडाला बारीक थरथर सुटली. मुलीच्या हातांतल्या दोरातून ती तिच्या खांद्यापर्यंत येत होती. तिला कळलं की आता जे काही होईल ते तिला डोळ्यांआधी हातांनी कळणार आहे. तिने दोर कमरेला टेकवला आणि मागे झुकली. तिचं वजन एका माणसाला पुरणार नव्हतं. पण होतं नव्हतं तेवढं सगळं तिने मागे टाकलं.

मळेवालीने छत्री मिटली.

आणि दोर सुटला.

मुलीच्या तळव्यांतून तो गरम होऊन सरकला, एकदाच, झटक्याने. खुंटातून धूर निघाल्यासारखी राख उडाली. विहिरीतून एक आवाज आला. हाक नव्हती ती, शब्दही नव्हता. छातीतली हवा एकदम बाहेर पडते तेव्हा येतो तसा. काकू किंचाळली. मग दोर पुन्हा ताठ. बाबांच्या मुठी पांढऱ्याफटक, कातडीखालची हाडं वर आलेली, तोंड उघडं.

मुलीने दोराकडे पाहिलं. पाचवी चिंधी खुंटाच्या पलीकडे गेली होती.

एक वीत.

पारवे बाहेर पडले आणि डोक्यांवरून गेले. मग खालून, विहिरीच्या दगडांवर आपटत, काकाचा आवाज आला.

“झालं?”

बाबांचे ओठ हलले. 

“झालं.”

“मग चल. पंधरा हात उरलेत. नीट सोड, माझी छाती भरलीय.”

उजवा हात, डावा हात, उजवा. सहावी चिंधी गेली. सातवी. आठवी गेली तशी दोर हलका पडला. काकाचे पाय तळाला लागले होते. बाबा आहे तिथेच खाली बसले. बसताना ताठ पाय पुढे पसरला आणि ते हातांत तोंड धरून राहिले. राख त्यांच्या गालांना लागली. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण काकू तिच्याकडे पाहत होती.

“ताई,” काकू म्हणाली, “हे पुन्हा झालं तर मी माहेरी जाईन. दोघांना सोडून. सांगून ठेवा त्यांना.”

“मीही येईन तुझ्याबरोबर,” आई म्हणाली.

बांधावर मळेवालीने छत्री पुन्हा उघडली. तिला काय दिसलं आणि काय कळलं ते कुणाला सांगता येणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “दुपारचं जेवण मी पाठवते,” आणि वळली.

प्र. ६. शेवट तुमच्या शब्दांत लिहा.

खालून घणाचे ठोके यायला लागले. पहिले जरा चुकत, मग एकसारखे. पहिली टोपली भरेपर्यंत वर काही काम नव्हतं. आई आणि काकू कालच्या दगडांचा ढीग पलीकडे लोटत होत्या. मुलगी शेपटाजवळ बसून तळव्यांवर फुंकर घालत होती. उजव्या तळव्यावर एक लांब फोड आला होता. लिहिण्याचा हात.

बाबांनी तिचा हात ओढून घेतला, पाहिला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

“परीक्षेपर्यंत भरेल,” ते म्हणाले. मग, “त्या पुस्तकातला. तो पुढे काय करतो?”

“कोण?”

“दोरवाला.”

“जातो, बाबा. त्याच रात्री गाव सोडतो. परत येत नाही.”

“कुणाशी बोलून?”

“कुणाशीच नाही. शेवटचं पान ते. वाटेवर पावलं उमटलेली, बस. बाई म्हणतात तो शेवट फार गाजलेला आहे.”

बाबा विहिरीच्या तोंडाकडे पाहत होते. खाली ठोका पडला, प्रतिध्वनी आला, ठोका पडला.

“आणि विहीर?”

“विहिरीचं काही लिहिलेलं नाही.”

“पाणी लागलं होतं?”

“नाही. अर्धीच होती.”

“अर्धी टाकून गेला?”

“हो.”

“आणि मेला त्याची बायको, घरचे, ते विचारायला कुणाकडे गेले असतील?”

मुलीने कादंबरी चार वेळा वाचली होती. हा प्रश्न तिला कुठेच भेटला नव्हता. गाईडमध्ये नव्हता, फळ्यावर नव्हता.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“मग ते लिही,” बाबा म्हणाले. “दोराचं त्याचं त्याला माहीत. पण निघून गेला, ही त्याची खरी चूक. हे माझ्या नावावर लिही हवं तर.”

“याला गुण नाही मिळायचे, बाबा.”

“किती जातील?”

“सहा.”

त्यांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात दोर तीनदा हलला. टोपली भरली होती. बाबा खुंटाला धरून उठले, आधी चांगला पाय, मग दुसरा.

“बाकीच्यांत भरून काढ,” ते म्हणाले. “ऊठ. ओढ.”